गॅरंटी कशाची?

आम्ही खांबच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. खांब म्हणजे मुंबई-गोवा रस्त्यावरचं, नागोठणं सोडल्यावर कोलाडच्या अलीकडे लागणारं गाव. तुमच्यापैकी कितीतरी जणी एसटीने आमच्या गावावरून गेल्या असतील.

मागच्या वेळी आम्ही वालाच्या बियाण्याबद्दल बोललो होतो. आज बोलणार आहोत जहाजावरच्या खोलीबद्दल. हसू नका. पैसे आमच्या कष्टाचे होते आणि एका शब्दावर विश्वास ठेवून आम्ही सही करणारच होतो. तो शब्द म्हणजे गॅरंटी.

झालं असं, की आमच्या गटाला दहा वर्षं पूर्ण झाली. आम्ही बारा जणी आहोत. अष्टविनायक करून झाले, पंढरपूर करून झालं. या खेपेला ठरलं की मुंबईहून गोव्याला समुद्रातून जायचं. आमच्यातल्या एकीचं माहेर रत्नागिरीकडचं. तिची आई जुन्या बोटीच्या गोष्टी सांगायची. कोकण सेवक, कोकण शक्ती अशी त्या बोटींची नावं. तिकीट काढून डेकवर जायचं, चादर अंथरायची, तेवढी जागा आपली. उशिरा पोचलं तर मिळेल तिथे अंग टेकायचं. त्या बोटी कधीच्या बंद झाल्या. आता मुंबईहून निघतात ती क्रूझ जहाजं. 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजाच्या फेऱ्या मुंबईहून सुरू झाल्या, तेव्हापासून क्रूझ हा शब्द आपल्या गावांतही ऐकू येऊ लागला. ते जहाज 1990 साली बांधलेलं आहे. असं जहाज म्हणजे पाण्यावरचं अनेक मजल्यांचं हॉटेलच. तिथे चादर अंथरायची नसते, प्रत्येकाला खोली असते. त्या खोलीला केबिन म्हणतात.

वर्षभर आम्ही दर बैठकीला बचतीच्या हप्त्याशिवाय सहलीचे वेगळे पैसे टाकत गेलो. पैसे जमले तेव्हा चौघी जणी बुकिंग करणाऱ्या एजंटाकडे गेलो. त्याने दरांचा कागद पुढे ठेवला. एकाच प्रकारच्या खोलीला दोन दर. पहिल्या दरात खोलीचा नंबर आत्ताच मिळणार. दुसरा दर माणशी बाराशे रुपयांनी कमी, आणि नंबराच्या जागी लिहिलेलं ‘गॅरंटी’.

एजंट म्हणाला, “ताई, हेच घ्या. स्वस्त पण आहे आणि गॅरंटी पण आहे.”

आम्हाला पटलं. पेन हातात घेतलं होतं. तेवढ्यात आमच्या खजिनदारीण बाईंनी विचारलं, “गॅरंटी कशाची?”

“खोलीची.”

“कुठल्या खोलीची?”

“ती नंतर कंपनी ठरवेल.”

आम्ही पेन खाली ठेवलं आणि उद्या येतो म्हणून उठलो. मग आमच्यातल्या एकीचा भाचा जहाजावर नोकरीला आहे, त्याला फोन लावला. त्याने समजावलं ते आज तुम्हाला सांगतो. ही पद्धत काही एका कंपनीची नाही. जगात बऱ्याच क्रूझ कंपन्या अशी बुकिंग घेतात.

आधी खोल्यांचे प्रकार. सगळ्यात स्वस्त ती आतली खोली, तिला खिडकी नसते. त्यावरची खिडकीची, समुद्र दिसणारी. त्यावरची गॅलरीची. सगळ्यात महाग ती मोठी, सूट म्हणतात तिला. गॅरंटीच्या बुकिंगात तुम्ही फक्त प्रकार निवडता. कुठल्या मजल्यावर, कुठल्या बाजूला, कुठल्या नंबराची, हे कंपनी ठरवते.

आपल्याकडे मासळी बाजारात कोळीण बसते ना, तसं समजा. टोपलीतला एकेक बांगडा हाताने निवडून घेतला तर ती जास्त पैसे मागते. ती देईल तो वाटा घेतला तर कमी लावते. पण बांगड्याचे पैसे दिलेत तर बांगडाच मिळणार, त्याहून हलकं काही ती वाट्यात घालणार नाही. गॅरंटी आहे ती एवढीच. खिडकीच्या खोलीचे पैसे भरलेत तर खिडकीची खोली मिळणार. आतली बिनखिडकीची देऊन भागवता येणार नाही. आणि कधी असंही होतं, की तुमच्या प्रकारच्या खोल्या संपतात आणि वरच्या प्रकारातल्या शिल्लक असतात. मग त्याच पैशात वरची खोली मिळते. पण मिळालीच तर. तो हक्क नव्हे. “वरची मिळेलच” असं कुणी तोंडी सांगितलं तर ते धरून चालू नका.

मग कंपनी पैसे कमी का घेते? भाचा म्हणाला, “मावशी, कंपनीला मोकळीक मिळते.” काही लोक शेवटी रद्द करतात. काही कुटुंबांना शेजारशेजारच्या खोल्या हव्या असतात. नंबर निवडणारे लोक आधी चांगल्या जागा घेतात. उरलेल्या खोल्या कुठेकुठे सुट्या राहतात. गॅरंटीवाल्या माणसांना त्यांत बसवता येतं आणि खोली रिकामी जात नाही. म्हणजे तुम्ही निवडीचा हक्क सोडता आणि त्याबद्दल बाराशे रुपये कमी देता. यात फसवणूक नाही. पण आपण काय सोडलं ते सोडण्याआधी कळलं पाहिजे.

आम्हाला सगळ्यात मोठी शंका होती ती आगगाडीमुळे. कोकण रेल्वे आपल्या रोह्यापासूनच सुरू होते, तेव्हा तिकिटाचे हाल आपल्याला नवे नाहीत. वेटिंगचं तिकीट म्हणजे जागेचा भरवसा नाही. आरएसी म्हणजे गाडीत चढायला मिळणार, बसायला मिळणार, पण कुणी रद्द केलं नाही तर एका बर्थवर दोघांनी बसून रात्र काढायची. आम्हाला वाटलं, हे गॅरंटीचंही तसंच. तसं नाही. गॅरंटी केबिनमध्ये जहाजावर जागा पक्की, खोली पक्की, झोपायला पलंग पक्का. उरतो तो फक्त नंबर. तो कधी काही आठवडे आधी कळतो, कधी दोन-चार दिवस आधी, कधी बंदरावर गेल्यावरच. नंबर नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता गॅरंटीत काय येत नाही ते ऐका. आमच्यासाठी तेच महत्त्वाचं निघालं.

जागा येत नाही. जहाज हलतं ते सगळीकडे सारखं हलत नाही. एसटीत शेवटच्या बाकावर बसलं की कसे गचके बसतात, आणि मधल्या बाकावर कमी. जहाजाचंही तसंच. पुढच्या आणि मागच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर जास्त हलतं. मधोमध, खालच्या मजल्यावर कमी. जिला एसटीतही उलटी होते तिने हा विचार करावा.

शांतता येत नाही. खोली नाचगाण्याच्या हॉलखाली असू शकते, लिफ्टजवळ असू शकते.

शेजार येत नाही. दोन खोल्या घेतल्या तर एक चौथ्या मजल्यावर आणि दुसरी आठव्यावर येऊ शकते. जवळ द्या अशी विनंती लिहून घेतात, पण ती विनंतीच असते.

आणि नंबर आल्यावर तो बदलून मागता येईलच असं नाही. बहुतेक ठिकाणी येत नाही.

हे सगळं आम्ही बैठकीत सांगितलं आणि खरा वाद तिथे झाला. आमच्यात एक काकू आहेत. त्यांचे गुडघे गेलेत. लिफ्टपासून लांब खोली आली तर लांबलचक बोळातून चालायचं. त्यांच्याबरोबर त्यांची सून आहे, दोघींची खोली एक. आणि आमच्या दोन मैत्रिणी आहेत, त्यातल्या एकीला रात्री झोपेत दम लागतो. तिला काकूंची सून हाताशी हवी, कारण औषध द्यायचं तिलाच ठाऊक. म्हणजे या दोन खोल्या लिफ्टजवळ आणि शेजारशेजारच हव्या. तिथे गॅरंटी चालत नाही, नंबरच घ्यावा लागतो. चौघींचे मिळून चार हजार आठशे रुपये जास्त.

काकू म्हणाल्या, “माझ्यापायी कुणी जास्त भरू नका. मी घरीच राहते.”

एक जण म्हणाली, सगळ्यांनी वाटून घेऊ, माणशी चारशे येतात. त्यावर दुसरी स्पष्ट बोलली, “मला चारशे म्हणजे एका दिवसाची मजुरी. काकूंबद्दल माया आहे, पण माझ्याकडे नाहीत.” थोडा वेळ कुणीच बोललं नाही. तिचं चुकीचं नव्हतं. आपल्या गटांत असं होतं ना, की जिला परवडत नाही ती गप्प बसते आणि मग हळूच यायचं बंद करते. ती बोलली हे बरं झालं.

शेवटी खजिनदारीण बाईंनी वही उघडली. उन्हाळ्यात आम्ही मिळून पोह्याचे पापड केले होते, त्याचा नफा अजून वाटलेला नव्हता. तो बाराही जणींचा. काकूंनी बसल्या जागी सगळ्यांत जास्त पापड लाटले होते. ठरलं की चार हजार आठशे त्या नफ्यातून द्यायचे, कुणाच्या घरातून नाही. तसा ठराव लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. मजुरीबद्दल बोलली होती तिने सही करताना काकूंना म्हटलं, “आता गुपचूप चला.” काकू हसल्या आणि कबूल झाल्या.

म्हणून आमच्या सहा खोल्यांपैकी दोन नंबराच्या आहेत आणि चार गॅरंटीच्या. त्या आठ जणी धडधाकट आहेत. कुठेही टाका, त्या झोपतील. त्यांनी माणशी बाराशे वाचवले, ते शहाणपणच केलं.

तेव्हा तुम्हाला कुणी असा कागद दाखवला, तर सहीआधी पाच प्रश्न विचारा. एक, गॅरंटी कुठल्या प्रकारच्या खोलीची, आणि तो प्रकार कागदावर लिहिला आहे का? दोन, नंबर साधारण कधी कळेल? तीन, खोलीत किती जणींची सोय आहे? हे नक्की विचारा, कारण तिसरा-चौथा पलंग भिंतीतून उघडणारा, शिडीने चढायचा असतो. तिथे कोण चढणार ते घरीच ठरवा. चार, या दरात रद्द केलं तर किती पैसे परत मिळतात? पुष्कळदा स्वस्त दराला परतावा कमी असतो. पाच, बंदराचा कर, जीएसटी, टीप हे सगळं धरून शेवटचा आकडा किती? आणि कुणी चाकाच्या खुर्चीवर असेल तर गॅरंटीवर मुळीच सोडू नका. रुंद दाराच्या खोल्या जहाजावर मोजक्याच असतात, त्या आधी सांगूनच घ्याव्या लागतात.

हे फक्त जहाजापुरतं नाही. विम्याचा माणूस येतो, बियाण्याचा येतो, गुंतवणुकीचा येतो. प्रत्येक जण गॅरंटी म्हणतो. शब्द एकच असतो, पण आत काय आहे ते दर वेळी वेगळं असतं. आम्ही सही करण्याआधी एकीने दोन शब्द विचारले म्हणून काकू येताहेत. तुमच्या गटातही अशी एक जण असेल. तिला गप्प बसवू नका.

आमची बोट पुढच्या महिन्यात आहे. काकूंच्या खोलीचा नंबर आम्हाला पाठ झालाय. बाकी चार खोल्यांचे नंबर अजून आलेले नाहीत. येतील तेव्हा येतील. आठही जणी निवांत आहेत, कारण कशाची वाट बघतोय ते त्यांना माहीत आहे.

परत आलो की समुद्र कसा होता ते सांगू. तोवर नमस्कार.