बोंडअळीच्या आतड्यातलं भोक



बीटी कपाशीत विष असतं, असं आपण सहज बोलून जातो. मग ते अळीलाच का बाधतं, माणसाला का नाही?

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, हा मातीतला जिवाणू. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला. बीजाणू तयार करताना तो प्रथिनाचा स्फटिक बनवतो. याच प्रथिनाचं जनुक पुढे कपाशीत घातलं गेलं. नुसता स्फटिक निरुपद्रवी असतो. पण अळीच्या पोटात आपल्यासारखं आम्ल नसतं. तिथला रस अल्कधर्मी, सामू नऊ-दहाच्या घरात. त्यात स्फटिक विरघळतो, आणि अळीचीच पाचक विकरं त्याचा जादा भाग छाटून त्याला कामाला लावतात. म्हणजे स्वतःचं मरण ती स्वतःच शिजवते!

छाटलेलं प्रथिन आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राही रेणूंना चिकटतं. कॅडहेरिन हा त्यांतलाच एक. मग प्रथिनाचे अनेक रेणू जुळतात, त्यांचे मळसूत्री भाग पेशीपटलात घुसतात आणि आरपार भोक पडतं. किती मोठं? एक-दोन नॅनोमीटर, नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा भोकातून आयन आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं, पेशी फुगते, फुटते. आतड्याचं अस्तर उखडलं की अळी खाणं सोडते. मरायला मात्र तिला दोन-तीन दिवस लागतात. आपल्या आतड्यात हे प्रथिन धरून ठेवणारे ग्राहीच नाहीत.

पळवाटही इथेच आहे. गुलाबी बोंडअळीत कॅडहेरिनचं जनुक बिघडलं की प्रथिनाला चिकटायला जागा उरत नाही. पुढे दोन जनुकांचं बीटी आलं, तेही तिने पचवलं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात वरून धडधाकट दिसणारी बोंडं फोडली, तर आत गुलाबी अळी, किडकी सरकी आणि डागाळलेली रुई.

सगळा दोष बियाण्याच्या माथी मारणं मला पटत नाही. तेव्हा पाकिटासोबत मिळणारं बिगर-बीटी बियाणं कितीजणांनी पेरलं? त्यावर वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी संग करतात, म्हणून पुढच्या पिढीत प्रतिकार लवकर बळावत नाही. ते पेरलंच नाही, वर हंगाम संपल्यावरही कपाशी राखून, म्हणजे फरदड घेऊन, अळीला उन्हाळ्यापर्यंत पोसलं.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, डिसेंबरअखेर कपाशी काढून टाका, फरदड घेऊ नका आणि पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका.