दुसऱ्याच्या भिंतीवर आपलें चित्र



जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटीसारख्या गांवीं कोणाच्याहि घरीं गेलें, तरी भिंतीवर एक-दोन तसबिरी बहुधा दिसतात. एक देवाची, एक दिवंगत वडीलधाऱ्यांपैकीं कोणाची. सणासुदीला त्यांना हार पडतो, कुंकू लागतें. पण त्या कोणीं रंगविल्या हें कोणी विचारीत नाहीं. चितारी विसरला जातो, चित्राचा मान राहतो. शहरांतील संग्राहकाच्या दिवाणखान्यांत पुष्कळदां याच्या उलट घडतें. तेथें चित्रकाराचें नांव आधीं सांगितलें जातें, आणि चित्राकडे पाहण्यास मात्र सवड नसते. अशा घरीं तो चित्रकारच पाहुणा म्हणून गेला तर त्याला काय दिसेल, याविषयीं आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

या प्रसंगाचा विचार करतांना माझ्या डोळ्यांपुढें चित्रकार कृष्णाजी आरा उभे राहतात. त्यांचा जन्म १९१४ सालीं सिकंदराबादेजवळील बोलारम येथें झाला. अंतरवाली सराटी आणि बोलारम हीं दोन्ही गांवें १९४८ पर्यंत निजामाच्याच संस्थानांत होतीं. वयाच्या सातव्या वर्षीं आरा घरांतून पळून मुंबईस आले, एका युरोपियन कुटुंबांत घरगडी म्हणून राहिले, पुढें मोटारी धुण्याचें कामहि त्यांनीं केलें. चित्रें मात्र ते स्वतःच्या ओढीनें काढीत राहिले. कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांची दृष्टि त्यांच्या कामाकडे गेली. १९४२ सालीं त्यांचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन झालें, आणि १९४७ सालीं सूझा, रझा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासमवेत ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत होते.

नाझी राजवटीमुळें मायदेश सोडून मुंबईस आलेले वॉल्टर लांगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांचीं घरें या तरुणांना खुलीं होतीं. श्लेसिंगर यांनीं त्यांचीं चित्रें विकत घेऊन आपला संग्रह उभारला. परक्या दिवाणखान्यांत जो एके काळीं घरगडी म्हणून वावरला, त्याचींच चित्रें पुढें मुंबईतील तशा दिवाणखान्यांच्या भिंतींवर लागलीं!

परंतु अशा भेटींत नुसताच आनंद नसतो. चित्रकाराची नजर प्रथम प्रकाशाकडे जाते. आरांचीं फुलें व फुलदाण्या पुष्कळदां कागदावर, दाट जलरंगांत रंगविलेल्या आहेत. जलरंगाला कडक ऊन सोसत नाहीं. मुंबईच्या पावसाळ्यांत भिंतीची ओल लागली कीं कागदाला बुरशी धरते. आपलें चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर फिकट होत असलेलें पाहूनहि चित्रकार गप्प बसतो. मोल घेतलेलें, हातांत यजमानाच्या चहाचा पेला. तक्रार करावी कोणत्या तोंडानें? उलट, एखाद्या घरांतील लहान मूल त्या चित्राला "आमची निळी फुलें" म्हणतें, तेव्हां चित्रकाराला कळतें कीं आपण न ठेवलेलें नांव चित्राला मिळालें आहे, आणि तें आतां खरोखर दुसऱ्याचें झालें आहे.

मग चित्रकाराचें त्यावर कांहींच उरत नाहीं काय? उरतें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमानें, कलाकृति विकल्यानंतरहि तिची मोडतोड करून कर्त्याच्या लौकिकास बाध आणतां येत नाहीं. दिल्लीच्या विज्ञान भवनांतील अमरनाथ सेहगल यांचें भित्तिशिल्प १९७९ सालीं काढून टाकण्यांत आलें व त्याची हानि झाली. तेव्हां २००५ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें शिल्पाचे अवशेष आणि पांच लाख रुपये भरपाई त्यांना देवविली. पण त्याच कलमांत असेंहि म्हटलें आहे कीं, कलाकृति लोकांपुढें न मांडल्यानें, किंवा कर्त्याच्या मनाजोगी न मांडल्यानें, त्याच्या हक्काचा भंग होत नाहीं. म्हणजे चित्र कोठें लावावें हा प्रश्न कायद्यानें तुमच्या उंबरठ्याबाहेरच सोडला आहे. आंत आहे तें केवळ सौजन्य.

म्हणून ज्यांच्या घरीं एखादें तरी चित्र आहे, त्यांच्यापाशीं माझें एवढेंच मागणें आहे. चित्राच्या चौकटीमागें कर्त्याचें नांव व साल लिहून ठेवा. ऊन व ओल यांपासून तें जपा. चित्रकार हयात असेल तर एकदां त्याला घरीं बोलवा आणि विचारा, "हें कोठें लावूं?" या प्रश्नाला पैसा पडत नाहीं, पण तो ऐकण्यासाठीं कित्येक चित्रकार जन्मभर वाट पाहत असतील.

आरा १९८५ सालीं निवर्तले. आतां त्यांना विचारतां येणार नाहीं. त्यांचीं चित्रें मात्र अजून भिंतींवर आहेत. गांवाकडच्या तसबिरीपुढें रोज कोणीतरी हात जोडतो. आपल्या घरच्या चित्राला हाराची गरज नाहीं. दिवसांतून क्षणभर कोणीं त्याच्याकडे पाहिलें, तरी पुरे आहे.