‘हाय ते बी जाईल’

वाटूर फाट्यावर जालना, परतूर, मंठ्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेल्यांत मोतीबिंदू पिकलेली एखादी आजी हमखास असते. जालन्याचं गणपती नेत्रालय काही लांब नाही. लेक न्यायला तयार असतो. पण आजीचं एकच, ‘हाय ती नजर बी गेली म्हंजी?’

आजीला अडाणी म्हणू नका. खिशातली पाचशेची नोट हरवली की रात्रभर डोळा लागत नाही, तेवढीच नोट सापडल्याचा आनंद मात्र चहा पिईपर्यंतच टिकतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली हेच मांडलं. गमावण्याची धास्ती मिळण्याच्या आनंदाहून साधारण दुप्पट भरते, असं पुढं त्यांनी मोजून दाखवलं.

1982 साली ट्व्हर्स्कींनी बार्बरा मॅकनील आणि इतर डॉक्टरांबरोबर एक प्रयोग केला. फुप्फुसाच्या कॅन्सरवर ऑपरेशन करायचं की शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा? काहींना सांगितलं, ऑपरेशनमधून शंभरातले नव्वद वाचतात. काहींना सांगितलं, शंभरातले दहा दगावतात. हिशेब तोच. तरी शेक मागणारे पहिल्या गटात शंभरात अठरा होते, दुसऱ्यात चव्वेचाळीस. आणि विचारलेल्यांत डॉक्टरही होते! तेही या फेऱ्यातून सुटले नाहीत.

आजी धास्तीनं ऑपरेशन टाळते. आपल्याच भागात बायकांनी धास्तीनं ऑपरेशन करून घेतलं, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. शेजारच्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा आकडा 2019 साली विधिमंडळात सांगितला गेला. त्यांत ऊसतोड करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखते, म्हणून दाखवायला गेलेल्या कितीतरी जणींना ऐकावं लागलं, ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल.’ त्यात दुखण्यानं उसाच्या फडावर एक खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, आगाऊ घेतलेली उचल अंगावर फिरणार. दोन्ही बाजूंनी नुकसानच दिसत असेल, तर बाई दुसरं काय करणार? पांढरं जाण्याचं कारण अनेकदा जंतुसंसर्ग असतं आणि तो गोळ्या-औषधांनी बरा होतो, हे तिला कुणी सांगितलंच नाही. पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते, अंगातून गरम वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात. हे नुकसान तिच्या कानावर आधी गेलंच नव्हतं.

धास्ती मनातून काढून टाका, असं मी म्हणणार नाही. तशी ती निघत नाही. डॉक्टरांना मात्र तोंड उघडून विचारा. माझ्यासारखे शंभर असतील, तर किती जण बरे होतील आणि किती जणांना त्रास होईल? दोन्ही आकडे मागा, एकावर भागवू नका. आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हेही विचाराच. मोतीबिंदूच्या आजीला हा प्रश्न कुणी विचारायलाच लावत नाही. मोतीबिंदू तसाच ठेवला तर नजर दिवसेंदिवस कमीच होणार, आणि फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.

अचानक छातीत दुखलं, साप चावला, तर मात्र विचारत बसू नका, तडक दवाखाना गाठा. पिशवी काढायचा सल्ला मिळाला आणि घाई नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी दवाखान्यातल्या, एकदा कागद दाखवा. जाताना घरातल्या कुणाला तरी सोबत न्या आणि डॉक्टर काय बोलले ते लिहून घ्या.