पैसे गेले, पण पोचले का?



भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे पाठवले. आपल्या खात्यातून रक्कम कापल्याचा मेसेज आला, पण त्याच्या गाडीवरचा स्पीकर काही बोलला नाही. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. आता पुन्हा पाठवायचे का?

या प्रश्नाचं खरं उत्तर देणं हे चांगल्या सॉफ्टवेअरचं पहिलं काम आहे, असं मी मानतो.

मोबाइलवरून असे पैसे पाठवण्याची यूपीआय ही पद्धत २०१६ साली सुरू झाली. त्यातल्या एका व्यवहारासाठी आपलं अ‍ॅप, आपली बँक, भाजीवाल्याची बँक आणि मधली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, एवढ्या सगळ्यांच्या यंत्रणा काही सेकंदांत एकमेकींना निरोप देतात. वाटेत एखादा निरोप अडकणारच. कधी काम झालेलं असतं, फक्त त्याची पोच परत आलेली नसते. अशा वेळी नव्यानं पैसे पाठवले, तर ते दोनदा जातात. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक दिलेला असतो. उत्तर आलं नाही, तर त्याच क्रमांकाची चौकशी करायची. तोवर स्क्रीनवर ‘प्रलंबित’ असं दिसतं. ठाऊक नसताना ‘यशस्वी’ म्हणण्यापेक्षा हा शब्द कितीतरी प्रामाणिक!

पण प्रलंबित किती दिवस? इथे सॉफ्टवेअरला कामकाजाच्या नियमाची जोड लागते. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये तसा नियम घालून दिला. यूपीआयनं दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची पोच मिळाली नाही, तर पाच दिवसांच्या आत. त्यापुढे उशीर झाला, तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकानं तक्रार करण्याची वाट न पाहता.

हा धडा बँकांपुरता नाही. पतपेढी असो, दवाखाना असो की घाऊक किराणा व्यापार, काम अडलं तर कोणी बघायचं, किती वेळात बघायचं आणि ग्राहकाला काय कळवायचं, हे आधी कागदावर ठरवा. ते ठरलेलं नसेल, तर महागडं सॉफ्टवेअरही गोंधळच वाढवील.

म्हणून व्यावसायिक श्रोत्यांना माझी विनंती आहे. सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: व्यवहार अर्ध्यावर थांबला, तर माझ्या ग्राहकाला आणि मला काय दिसेल? त्याचं नेमकं उत्तर मिळेपर्यंत पैसे मोजू नका.