उताराच्या बागेत पाण्याचा दाब आवरा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याचा डोंगराळ भाग, पारनेरचे पठार, पाथर्डीकडचे गर्भगिरीचे उतार, अशा ठिकाणी पुष्कळदा शेततळे वर आणि बाग खाली असते. पाणी आपोआप उतरते, वीजबिल वाचते. मात्र या फुकटच्या दाबाला आवर घालावा लागतो.

दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. तळे बागेच्या खालच्या टोकापेक्षा ४५ मीटर उंच असेल, तर पाणी बंद असताना तिथे साडेचार किलो दाब उभा राहतो. तिथे ४ किलोचा पाईप पुरला असेल तर तो आज ना उद्या सांध्यात सुटणारच.

बागेचे नुकसान मात्र डोळ्यांना लवकर दिसत नाही. साधा ड्रिपर १ किलो दाबाला तासाला ४ लिटर देत असेल, तर सव्वादोन किलोला सुमारे ६ लिटर देतो. घर्षण सोडून दिले तर एवढ्या फरकाला साडेबारा मीटरचा उतार पुरतो. म्हणजे वरच्या डाळिंबाला दोन तासांत ८ लिटर आणि खालच्याला १२. ठिबकमधून सोडलेले खतही त्याच प्रमाणात वाटले जाते. वरची झाडे ताणावर, खालची मुळे ओलीत, आणि आपण दोष देतो कलमांना!

यावर बरेचजण गेट व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवतात. पाणी वाहते तोवर दाब उतरतो. पण पुढचा कॉक बंद केला, प्रवाह थांबला, की वरचा सगळा दाब खाली पोहोचतो. बहुतेक पाईप अशा वेळीच फुटतात.

दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हचे काम वेगळे आहे. कारखान्यांच्या पाण्याच्या व वाफेच्या नळांवर तो पूर्वीपासून वापरतात. आत एक पडदा व स्प्रिंग असते. पुढचा दाब ठरवल्यापेक्षा वाढला की पडदा उचलला जातो आणि पाण्याची वाट आवळते. कमी झाला की वाट मोकळी होते. प्रवाह थांबला तरी वाट बंद होऊन दाब अडतो.

तो बसवायचा कुठे? तळ्यापाशी बसवला तर पैसे पाण्यात! पुढे प्रत्येक दहा मीटर उताराला १ किलो पुन्हा चढतोच. बागेचे उतारानुसार टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्याच्या सबमेनच्या तोंडाशी, फिल्टरनंतर तो बसवा. तिथपर्यंतचा पाईप मात्र पूर्ण दाब सोसणारा हवा. उतार फारच असेल तर माझी पसंती मध्ये फ्लोट व्हॉल्व्हचा उघडा हौद बांधण्याला. तिथे दाब शून्यावर येतो, आणि दुरुस्ती गावातला कोणीही करू शकतो. दाब सांभाळणारे ड्रिपर पाणी समान देतात, हे खरे. पण पाईपवरचा भार ते कमी करत नाहीत.

व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावा. स्क्रू सैल ठेवून पाणी सोडा आणि पुढचा काटा हव्या दाबावर येईपर्यंत हळूहळू आवळा. मग पुढचा कॉक सावकाश बंद करून पाहा. काटा थोडा चढून थांबला तर ठीक. तो मागच्या काट्याइतका चढला तर आत खडा किंवा कचरा अडकला आहे. व्हॉल्व्ह उघडून साफ करा.