बिनतारी वीज आणि अंगणांतील मोटार

उमरखेडहून उत्तरेकडे जाणारा हमरस्ता यवतमाळ व वर्धा यांवरून नागपुराकडे जातो. तेथील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरम् येथील सी-डॅक यांनीं मिळून विजेच्या गाड्यांची बॅटरी तारेवांचून भरणारें यंत्र सिद्ध केलें. २०२५ सालीं त्याची विद्या उत्पादनासाठीं एका उद्योगसंस्थेस देण्यांत आली. हें यंत्र दीड किलोवॅटचें असून साडेबारा सेंटिमीटर अंतरावरून वीज पोहोंचवितें. उद्यां असें एखादें यंत्र उमरखेडच्या अंगणांत बसलें, तर वडीलधारीं माणसें प्रथम हेंच विचारतील कीं, ही वीज लेंकरांबाळांस बाधणार तर नाहीं?

शंका रास्त आहे. भीतीची जागा मात्र बहुधा चुकते. हवेंतून वीज वाहते हा समज खरा नव्हे. जमिनीवरील वेटोळ्यांत प्रवाह अतिवेगानें उलटसुलट होतो आणि त्याचें चुंबकक्षेत्र गाडीच्या पोटाशीं असलेल्या दुसऱ्या वेटोळ्यांत प्रवाह उत्पन्न करतें. फॅराडेनें १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व तें हेंच. स्वयंपाकघरांतील इंडक्शनची शेगडीहि त्यावरच चालते. मोटारींसाठीं प्रमाण मानलेला वेग सेकंदास सुमारें ८५ हजार आवर्तनांचा आहे. क्ष-किरण शरीरांतील रेणूंची बांधणी मोडूं शकतात, तें सामर्थ्य येथें नाहीं. फार प्रबळ क्षेत्र मज्जातंतूंस चेतवितें, म्हणून आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१० सालीं सामान्य जनांसाठीं २७ मायक्रोटेस्लाची मर्यादा घातली. वेटोळ्यापासून दूर जातां हें क्षेत्र झपाट्यानें क्षीण होतें. नीट बसविलेल्या यंत्रावरील गाडींत बसलेला मनुष्य या मर्यादेच्या आंतच राहतो.

धोका आहे तो दोन वेटोळ्यांमधील वीतभर फटींत. मोठ्या यंत्रांचें क्षेत्र तेथें मर्यादेच्या कितीतरी वर जातें. चेंडू काढावयास हात घालणारें मूल, सावलीस निजलेलें मांजर, खिशांतून पडलेली किल्ली, हीं सर्व नेमकीं तेथेंच सांपडावयाचीं. किल्ली तर हात भाजेल इतकी तापूं शकते. म्हणून धातु वा सजीव मध्यें येतांच आपोआप बंद पडण्याची सोय हेंच या यंत्राचें खरें संरक्षण होय. जाहिरातींत मात्र भरण्याचा वेगच ठळक छापतात! छातींत पेसमेकर असलेल्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून चालू यंत्राजवळ वांकूं नये. रेडिओंत खरखर येण्याचाहि संभव आहे, पण ती गोष्ट दुय्यम.

गिऱ्हाइकानें किंमत विचारण्यापूर्वीं दुकानांतच चालू वेटोळ्यावर विक्रेत्याकडून काठीनें एक लोखंडी किल्ली सरकवून घ्यावी. यंत्र थांबलें, तर पुढचें बोलणें.