टॉड नदीच्या वाळूतलं पाणी

आज आम्ही सांगतोय ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या ॲलिस स्प्रिंग्जची गोष्ट. तिथे पाऊस वर्षाला सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. गावातून टॉड नदी जाते, पण बहुतेक दिवस पात्रात नुसती वाळू. १९६२ पासून तिथे बिनबुडाच्या होड्या हातांनी उचलून वाळूतून पळायची शर्यत भरते. १९९३ साली नदीला पाणी आलं म्हणून शर्यतच रद्द झाली!

पण ही नदी मेलेली नाही बरं. पूर आला की पाणी वाळूत मुरतं, खालच्या खडकावर अडून राहतं. काठची निलगिरीची मोठी झाडं त्यावरच जगतात. तिथले मूळ रहिवासी अशा पात्रांत झिरे खणून पाणी काढत. १८७१ साली तारेची लाइन टाकणाऱ्या गोऱ्यांना पात्रात डोह दिसला. त्यांना वाटलं झराच. म्हणून गावाच्या नावात ‘स्प्रिंग’. खरं तर ते वाळूतलंच पाणी. पुढे ही नदी समुद्राला मिळत नाही, सिम्पसन वाळवंटात जिरते.

झिऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरलेल्या बाया आपल्यातही आहेत. वाळूचे ट्रॅक्टर पात्रात उतरतात, तेव्हा ही साठवणही उचलली जाते. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत आम्ही वाळू उपशाचा विषय मांडणार आहोत. गटातल्या सगळ्याजणी या, सासूबाईंनाही आणा. झिरे कुठे लागायचे ते त्यांनाच ठाऊक.